ज्या घरावर नाव नाही, त्याचा हप्ता

प्रश्न : माझे वय ३२ वर्षे असून मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. गेली चार वर्षे मी आणि माझा जोडीदार (वय ३४) लग्न न करता एकत्र राहत आहोत. माझा हाती येणारा पगार ८४ हजार रुपये आहे आणि त्याचा ६६ हजार. घरभाडे २७ हजार आणि किराणा, वीज, गॅस, इंटरनेट, स्वयंपाकाच्या मावशी यांचे मिळून २१ हजार, असा ४८ हजारांचा खर्च निम्मा-निम्मा करायचे आम्ही ठरवले होते. तो कराडला आईकडे दरमहा २२ हजार पाठवतो. त्यांतले सुमारे १४ हजार आईच्या औषधांना आणि घरखर्चाला लागतात, उरलेले धाकट्या भावाच्या क्लासला आणि इतर गोष्टींना जातात. त्यामुळे महिनाअखेरीस त्याची ओढाताण होते आणि कमी पडेल ते मी भरते. दीड वर्षापूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी मी अडीच लाख रुपये दिले. ते उसने की मदत, याविषयी आम्ही कधीच बोललो नाही. भाडेकरार त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, पण एक लाखाची अनामत रक्कम मी भरली आहे.

आता त्याने धायरीत ५० लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. त्याची आई जमीन विकून आठ लाख देणार, चार लाख तो घालणार, चार लाख मी घालायचे आणि ३८ लाखांचे कर्ज घ्यायचे, असा मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरून ५४ लाखांचा बेत आहे. हप्ताही दोघांनी निम्मा-निम्मा भरायचा. फ्लॅट मात्र त्याच्या आणि आईच्या नावावर होणार, कारण त्याच्या आईने आमचे नाते अजून स्वीकारलेले नाही. ‘आपण भाडे देतोच, तेच पैसे हप्त्यात जातील. शिवाय माझ्या सगळ्या गुंतवणुकीत नॉमिनी तूच आहेस,’ असे तो म्हणतो. माझे वडील बार्शीला असतात, ते निवृत्त शिक्षक आहेत. हिशेब लिहून ठेव, असे ते सांगतात. हिशेब मागितला की अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे मला वाटते. मी काय करावे?

उत्तर :

प्रिय मैत्रिणीस,

फ्लॅटसाठी चार लाख रुपये देण्याची घाई असेल तर पुढचे सगळे वाचण्याआधी एवढे लक्षात घ्या, की खरेदीखतावर तुमचे नाव येणार नसेल तर त्या फ्लॅटच्या किमतीत किंवा कर्जाच्या हप्त्यात तुमचा एक रुपयाही मालकीच्या समजुतीने जाता कामा नये. तुमचे जोडीदार तुम्हाला फसवत आहेत, असे तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. ते प्रामाणिक आहेत, असे गृहीत धरूनच मी हे लिहीत आहे. त्यांचा हेतू कितीही चांगला असला, तरी ज्या पद्धतीने हा व्यवहार मांडला गेला आहे, त्या पद्धतीत तुमच्या पैशांना कायद्याच्या दृष्टीने जागाच नाही.

हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, ही भावना मला समजते, कारण आपल्या घरांमध्ये नवरा-बायकोने एकमेकांकडे हिशेब मागू नये, असेच आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण तिथे हिशेब न मागणे परवडते, त्याचे एक कारण असे, की लग्न झाले की वारसा, पोटगी, भविष्य निर्वाह निधी, विमा, आयकर अशा कितीतरी ठिकाणी पती-पत्नीचे परस्परांशी असलेले नाते कायद्याने आधीच लिहून ठेवलेले असते. त्यांनी काहीच ठरवले नाही तरी त्यांच्यासाठी काहीतरी ठरलेले असते. तुमच्यासाठी तसे काही ठरलेले नाही. लग्नाविना एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीला संरक्षण, निवास आणि आर्थिक साहाय्य मागण्याचा अधिकारही दिला आहे. परंतु हा अधिकार छळ झाल्यास उपयोगी पडणारा आहे, त्यात आर्थिक छळही येतो. दोन भल्या माणसांनी मिळून घेतलेल्या घरात कोणाचा किती वाटा, या प्रश्नाचे उत्तर तो कायदा देत नाही. ते उत्तर तुम्हा दोघांनाच लिहून ठेवावे लागेल, आणि तुमच्या वडिलांनी सुचवलेले बरोबर आहे.

आता रोजच्या खर्चाकडे येऊ, कारण फ्लॅटचा गुंता तिथूनच वाढत आला आहे. उत्पन्न सारखे नसताना खर्च निम्मा-निम्मा करायचा, ही व्यवस्था दिसायला समतेची असली तरी तुमच्या घरात ती पहिल्या महिन्यापासूनच मोडलेली आहे. प्रत्यक्षात तुम्ही जास्त भरता, ते मात्र ठरलेले नसल्यामुळे त्यांना दर महिन्याला ओशाळे वाटत असणार आणि तुम्हाला गृहीत धरल्यासारखे वाटत असणार. उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणी केली तर ८४ आणि ६६ या आकड्यांवरून तुमचा वाटा ५६ टक्के आणि त्यांचा ४४ टक्के येतो, म्हणजे ४८ हजारांपैकी तुमचे सुमारे २६,९०० आणि त्यांचे २१,१०० रुपये.

पण खरा प्रश्न पुढे आहे. ते आईला जे पैसे पाठवतात, ते वाटणीच्या आधी वजा करायचे की नंतर? माझे मत असे आहे, की आईच्या औषधांचे आणि पोटापाण्याचे पैसे वाटणीच्या आधी वजा करावेत. वडील नसलेल्या घरातील मुलाने आईला सांभाळणे ही त्याची हौस नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने त्याला कायदेशीर बंधनाचे रूपही दिले आहे. अशा माणसाबरोबर संसार मांडताना हे कर्तव्य त्याच्या उत्पन्नाला चिकटून आलेले आहे, हे तुम्ही मान्य करायला हवे. तुम्ही मनाने ते कधीच मान्य केले आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तेव्हा १४ हजार वजा करून त्यांचे उत्पन्न ५२ हजार धरा. मग प्रमाण साधारण ६२ आणि ३८ असे होते, तुमचा वाटा सुमारे २९,६०० आणि त्यांचा १८,४०० रुपये होतो. आधीच्या प्रमाणाशी तुलना केली तर फरक महिन्याला पावणेतीन हजारांचा आहे. एवढा भार तुम्ही जाणूनबुजून, एकदाच ठरवून उचललात, तर महिनाअखेरीच्या कुचंबणेपेक्षा तो दोघांनाही हलका वाटेल.

उरलेले आठ हजार मात्र वेगळे आहेत. धाकट्या भावाचा क्लास, पाहुण्यांचा आहेर, गावाकडच्या घराची रंगरंगोटी हे सगळे त्यांनी जरूर करावे, पण ते त्यांच्या वाट्याला उरलेल्या पैशांतून करावे. या दोन प्रकारांतली रेषा कुठे ओढायची, हे मला येथून सांगता येणार नाही आणि तुम्हीही एकतर्फी ठरवू नये. ती त्यांनी स्वतः ओढावी आणि तुम्ही ती मान्य करावी. एक पथ्य मात्र दोघांनी पाळावे. रेषेच्या अलीकडच्या, म्हणजे आधी वजा होणाऱ्या रकमेत वाढ करायची असेल, तर ती करण्यापूर्वी दोघांत बोलणे व्हावे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नसल्याचेच मला जास्त जाणवले. तुम्ही आपल्या आईवडिलांसाठी काय बाजूला ठेवता, याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. वडिलांना निवृत्तिवेतन आहे, त्यांनी तुमच्याकडे काही मागितले नसेल, कदाचित मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा जुना बाणाही असेल. पण दहा वर्षांनी एखादी मोठी शस्त्रक्रिया निघाली किंवा घरी कायमची सोबत ठेवण्याची वेळ आली, तर धावत जाणाऱ्या तुम्हीच असाल. २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी यांत फरक करत नाही, आणि तुमच्या मनातही तो फरक नसावा. म्हणून त्यांचे १४ हजार आधी वजा करताना तुमच्या आईवडिलांच्या नावाने दरमहा निदान पाच हजार तुमच्याही उत्पन्नातून आधी वजा करा आणि ते वेगळ्या आवर्ती ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात टाका. वाटणीचे आकडे त्यामुळे साडेसहाशे-सातशे रुपयांनी बदलतील, ती रक्कम नगण्य आहे. परंतु या घरात दोन कुटुंबांची जबाबदारी आहे, एकाच कुटुंबाची नाही, हे दर महिन्याच्या हिशेबात दोघांच्याही डोळ्यांसमोर राहील. हे तुम्ही आजपासून करावे, असे मला फार मनापासून वाटते.

व्यवहाराच्या सोयीसाठी दोघांच्या नावाने एक संयुक्त बचत खाते उघडा, पगार झाल्यावर आपापला वाटा त्यात टाका आणि भाड्यापासून मावशींच्या पगारापर्यंतचा सगळा सामायिक खर्च तिथूनच करा. दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल, अशा खात्यातून कोणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो, म्हणून त्यात महिना-दीड महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे साचू देऊ नका आणि मुदत ठेवी आपापल्या नावानेच ठेवा. भाडेकराराचे नूतनीकरण होईल तेव्हा परवानाधारक (म्हणजे भाड्याने राहणारे) म्हणून दोघांची नावे घाला आणि अनामत रक्कम कोणी भरली, ती सोडताना कोणाच्या खात्यात परत येईल, हे करारातच लिहून घ्या. महाराष्ट्रात अशा कराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे हा कागद पुढे राहत्या पत्त्याचा आणि पैशांचाही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. घरमालक अविवाहित जोडप्याची नावे घालायला का-कू करतात, हे मला ठाऊक आहे. तसे झालेच तर निदान अनामत रक्कम तुमच्या खात्यातून गेल्याची पावती त्यांच्याकडून घ्या.

बहिणीच्या लग्नाला दिलेल्या अडीच लाखांविषयी आधी तुम्ही स्वतःच्या मनाशी निर्णय घ्या. ते परत नको असतील तर तसे मोकळेपणाने सांगून टाका, पण मग भांडणात त्याचा पुन्हा उच्चार करू नका. परत हवे असतील, आणि तुम्ही पत्रात त्यांचा आकड्यासह उल्लेख केला आहे त्यावरून ते हवे आहेत असे दिसते, तर दोघांच्या सहीचा एक साधा कागद आताच करा. त्यात पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून गेले, ते हातउसने होते आणि दरमहा किती रुपयांनी फिटतील, एवढे आले की पुरे. याला दोन कारणे आहेत. परतफेडीची तारीख ठरलेली नसलेल्या उसन्या पैशांची वसुली करण्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षांची असते. तुमची निम्मी मुदत उलटून गेली आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली मिळाली तर ती तेथून नव्याने सुरू होते. दुसरे कारण त्यांच्या हिताचे आहे. आयकर कायद्याच्या व्याख्येत अविवाहित जोडीदार हा नातेवाईक नाही, म्हणून त्याच्याकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून मिळाली तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. पत्नीने पतीला दिले असते तर हा प्रश्न आला नसता. उद्या चौकशी झाली, तर हे उसने पैसे होते, हे दाखवणारा कागद त्यांच्याच उपयोगी पडेल. कागदाचा विषय काढताना हे दुसरे कारण आधी सांगितलेत तरी चालेल, कारण ते खरे आहे. परतफेड बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे आणि रोखीने फेडणे, दोन्हींवर कायद्याने बंदी आहे.

आता फ्लॅट. ३८ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ३३ हजारांच्या आसपास येतो, त्याचा निम्मा म्हणजे साडेसोळा हजार. पाच वर्षांत तुमचे हप्त्यापोटी सुमारे दहा लाख आणि सुरुवातीचे चार लाख मिळून १४ लाख त्या घरात गेलेले असतील. त्यानंतर तुमचे नाते तुटले, किंवा देव न करो, पण त्यांचे अचानक काही बरेवाईट झाले, तर काय होईल? फ्लॅट त्यांचा आणि त्यांच्या आईचा. अविवाहित हिंदू पुरुष इच्छापत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पहिल्या वर्गातील वारस म्हणून सगळी मिळकत त्याच्या आईकडे जाते. त्यांचा हिस्सा आईकडे जाईल आणि ज्या बाईने तुम्हाला सून म्हणून स्वीकारलेले नाही, तिच्या घरात तुम्ही चार दिवसही राहू शकणार नाही. तेव्हा तुम्ही न्यायालयात जाऊन, पैसे मी मालकीसाठीच दिले होते, असे म्हणालात, तर बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा आडवा येण्याचा धोका आहे. १९८८ चा हा कायदा २०१६ मध्ये अधिक कडक झाला. एकाने पैसे द्यायचे आणि मिळकत दुसऱ्याच्या नावावर घ्यायची, अशा व्यवहारात खऱ्या मालकीचा दावा करायलाच तो मनाई करतो. पती, पत्नी आणि मुले यांच्या नावाने घेतलेल्या मिळकतीला त्यात अपवाद आहे. जोडीदाराला नाही.

‘भाडे देतोच, तेच पैसे हप्त्यात जातील,’ हे त्यांचे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते, म्हणून त्याकडे जरा नीट पाहू. नव्या प्रमाणानुसार भाड्यातला तुमचा वाटा सुमारे १६,७०० रुपये येतो आणि हप्त्याचा निम्मा भाग साडेसोळा हजार, म्हणजे रक्कम खरोखरच जवळजवळ तेवढीच आहे. पण भाडे दिले की महिनाभर राहायला मिळते आणि त्याबदल्यात आणखी काही मिळणार नाही, हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. हप्ता भरताना मात्र तुमच्या मनात, हे घर अर्धे माझे आहे, ही भावना वाढत जाणार आणि त्यांच्या आईच्या मनात, मुलाच्या घरात राहते तर हातभार लावते, हीच समजूत राहणार. त्याच पैशांतून कर्ज फिटून मिळकत मात्र दुसऱ्याची होत राहील. दोघेही प्रामाणिक असताना एवढे मोठे भांडण तयार करणारी दुसरी व्यवस्था शोधून सापडणार नाही.

तुमच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे तिघांच्या नावाने खरेदी करायची. खरेदीखतात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा आकड्यात लिहायचा. आईचे आठ लाख, तुमचे आणि त्यांचे प्रत्येकी चार लाख आणि कर्ज निम्मे-निम्मे म्हणजे प्रत्येकी १९ लाख, असा हिशेब केला तर हिस्से साधारण १५, साडेबेचाळीस आणि साडेबेचाळीस टक्के येतात. आईने जमीन विकून दिलेल्या पैशांचाही मान त्यात राहतो, आणि तो राहायलाच हवा, कारण त्या बाईने आयुष्यभराची पुंजी यात घातली आहे. यात तुम्ही सहकर्जदार व्हाल आणि हप्ता आपापल्या खात्यातून भरला जाईल. मात्र सहकर्जदारांपैकी एकाने हप्ता थांबवला तर बँक पूर्ण कर्ज दुसऱ्याकडून मागू शकते. शिवाय अविवाहित जोडप्याला एकत्र कर्ज देण्याविषयी प्रत्येक बँकेचे धोरण वेगळे असते, म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारून घ्या. पुढे वेगळे व्हायची वेळ आली आणि एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला दिला, तर त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क पडेल. राहते घर पती-पत्नीने एकमेकांना किंवा आईवडिलांनी मुलांना बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागते, ती सवलत तुम्हा दोघांना नाही.

दुसरा मार्ग असा, की फ्लॅट त्यांचा आणि त्यांच्या आईचाच राहील, त्याची किंमत आणि हप्ता त्यांनीच भरायचा आणि तुम्ही तेथे राहण्यापोटी ठरावीक रक्कम द्यायची. त्या परिसरात तसा फ्लॅट जेवढ्या भाड्याने मिळतो, त्याच्या निम्म्याहून ती जास्त नसावी, कारण मिळकत त्यांची वाढत आहे, तुमची नाही. ही रक्कम राहण्याच्या खर्चासाठी आहे, मालकीसाठी नाही, असे दोघांच्या सहीने लिहून ठेवायचे, आणि उरलेले पैसे आणि चार लाख तुम्ही स्वतःच्या नावाने गुंतवायचे. या मार्गाने ३३ हजारांचा हप्ता आणि आईचे १४ हजार त्यांच्या ६६ हजारांत बसवणे कठीण जाईल, हे मला दिसते. पण मग त्याचा अर्थ एवढाच, की आजच्या उत्पन्नावर ५० लाखांचा फ्लॅट त्यांना झेपत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचेच पावणेचार लाखांच्या वर जातील. ही उणीव तुमच्या बिननावाच्या पैशांनी भरून काढण्यापेक्षा लहान घर पाहणे किंवा दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे आहे.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. ज्या तीन माणसांना आज एका खोलीत बसून या विषयावर बोलता येत नाही, त्यांनी २० वर्षांचे कर्ज आणि एकच खरेदीखत यांत एकमेकांना बांधून घेऊ नये. पुढे त्यांच्या आईशी तुमचे नाते जुळले, तर दुसऱ्या घराच्या वेळी पहिला मार्ग मोकळाच आहे.

‘नॉमिनी तूच आहेस,’ हे त्यांनी प्रेमाने केले आहे, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, म्युच्युअल फंड किंवा कंपनी नॉमिनीच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, पण ते पैसे वारसांचे असतात आणि नॉमिनीने ते वारसांना द्यायचे असतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले होते. शेअर्सच्या बाबतीत, कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून चाललेल्या दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात नॉमिनीलाच लाभ मिळण्याची सोय झाली, पण ती आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यापुरती आहे. भविष्य निर्वाह निधीत तर अवलंबून असलेली आई हयात असताना कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशनच चालत नाही, तेव्हा तेथे त्यांनी तुमचे नाव घातले असेल तर ते निरुपयोगी आहे.

त्यांना तुमच्यासाठी खरोखर काही ठेवायचे असेल तर त्यांनी इच्छापत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या समोर सही हवी, आणि ज्याला लाभ मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तरीही नोंदणी करून घेणे चांगले, कारण तुमच्या परिस्थितीत त्या इच्छापत्राला कोणीतरी आव्हान देण्याची शक्यता अधिक आहे. आईसाठी किती आणि तुमच्यासाठी किती, हे त्यांनी स्वतः ठरवावे, आईला वगळून सगळे तुम्हाला देणारे इच्छापत्र तुम्हीच नको म्हणावे. तुम्हीही आपले इच्छापत्र करा. तुम्ही आज काही न करता गेलात तर तुमची मिळकत आई आणि वडील या दोघांकडे जाईल. हे तुमच्या मनासारखे असेल तर प्रश्न नाही, पण तुमच्या नावाने असलेल्या सामायिक वस्तू, त्यांना उसने दिलेले पैसे, अनामत रक्कम यांचे काय व्हावे, ते लिहिलेले असावे. आरोग्य विमाही दोघांनी स्वतंत्र घ्यावा आणि एकमेकांच्या पॉलिसीची प्रत जवळ ठेवावी.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. त्यांच्या आईशी पैशांविषयी तुम्ही बोलू नका, ते काम मुलाचे आहे. ‘ती या घरासाठी पैसे देणार नाही, कारण घरावर तिचे नाव नाही,’ हे वाक्य त्यांनी आपल्या आईला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे. कदाचित हे ऐकल्यावरच तुम्ही मिळकतीसाठी आलेल्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात येईल. जोडीदाराशी बोलताना सुट्टीचा दिवस निवडा, दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे उतारे समोर ठेवा आणि सुरुवात आईच्या १४ हजारांपासून करा. ‘हे पैसे आधी वजा करू,’ असे तुमच्याकडूनच आले, की पुढच्या हिशेबाला त्यांच्याविरुद्धची तक्रार असे स्वरूप राहणार नाही. ठरलेले सगळे एका पानावर लिहा. उसने पैसे, अनामत रक्कम, महिन्याचे वाटे आणि फ्लॅटमध्ये राहण्यापोटीची रक्कम एवढेच मुद्दे त्यात येऊ द्या. नात्याविषयीच्या अटी त्यात घालू नका. रकमा मोठ्या असल्यामुळे ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, वकिलाच्या नजरेखालून घालून केलेत तर अधिक बरे.

एवढे समजावूनही त्यांनी कागदावर सही करायला नकार दिला, तर लगेच नाते तोडण्याच्या टोकाला जाऊ नका. चार वर्षे ज्या माणसाबरोबर सुखाने राहिलात, त्याला कागदाची सवय व्हायला दोन-चार महिने लागू शकतात. तोपर्यंत घरखर्च नव्या प्रमाणाने चालू ठेवा, अडीच लाखांची लेखी कबुली निदान ई-मेलवर तरी मिळवा, आणि फ्लॅटसाठीचे चार लाख स्वतःच्या नावाने मुदत ठेवीत ठेवा. टोकन भरण्याची बिल्डरने दिलेली तारीख यात उलटून गेली तर जाऊ द्या, धायरीत पुढच्या वर्षीही फ्लॅट विकायला असतील.